फाटकापासून घरापर्यंत

४ मार्च, मंगळवार

आज फिरताना हा पुन्हा थांबला! छान चाललो होतो. मी त्याला आमच्या कारखान्याच्या पॉलिश खात्यातल्या त्या उंच बाईची आठवण करून देत होते – झोपलेल्या फोरमनच्या टकलावर पॉलिशचं फडकं फिरवणारी! अर्ध्यावर आले आणि बघते तर हा रस्त्यात उभा. मी म्हटलं, काय झालं? काही नाही म्हणे, तू सांग. गोष्ट संपली तशी स्वारी चालू लागली.

जिन्यावरून पडला तेव्हापासून हे सुरू झालं की त्याच्याही आधीपासून, ते काही मला सांगता येणार नाही. लक्ष कोण देतं!

६ मार्च, गुरुवार

ठोक्याच्या मेंदूची फिल्म बघितली. कारखान्यात पत्रा ठोकणारा प्रेस चालवायचा म्हणून सगळे ठोक्या म्हणायचे, लग्न झालं तरी माझ्या तोंडी तेच राहिलं.

फिल्मवर मधल्या काळ्या पोकळीच्या कडेने पांढरे डाग, फरशीवर चुना उडावा तसे. डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण समजावून सांगणारी. मेंदूच्या आत बारीक रक्तवाहिन्या असतात, रक्तदाब सोसून सोसून त्या कडक होतात, मग रक्त पुरेसं पोचत नाही. मेंदूचा एक भाग दुसऱ्याला निरोप धाडतो ते धागे झिजायला लागतात. माणूस एकदम विसरत नाही, मंदावतो. दोन कामं एकदम जमेनाशी होतात. ह्या वयात थोडे डाग बहुतेकांना असतातच, आणि यांचे थोडेच आहेत म्हणाली. गेलेले धागे परत येत नाहीत, पण दाब आवरला, मीठ आवरलं, रोज चाललं, तर पुढचे वाचतात.

मग त्याला बाहेर चालायला लावलं – चालता चालता महिने उलटे म्हणायचे. डिसेंबर, नोव्हेंबर करत हा गडी तालात जानेवारीपर्यंत जाऊन आला! परक्यांसमोर हा नेहमीच शहाणा. मी मुद्दाम सांगितलं, बाई, इथलं बघू नका, रस्त्यात बोलणं निघालं की पाय थांबतात. तिने मान डोलावली. असं होतं म्हणाली, तोल जाऊन पडायची भीती असते.

माझंही बीपी विचारलं. गोळी घेते म्हटलं, आठवली की. आत्ता माझं काय घेऊन बसायचं!

७ मार्च, शुक्रवार

ठरलं. फिरणं चालू, तोंड बंद. त्याला कारण सांगायचं नाही, उगाच मनाला लावून घेईल.

८ मार्च, शनिवार

तोंड बंद ठेवणं म्हणजे काय ते माझं मला ठाऊक.

आमचं सगळं आयुष्यच या रस्त्यावर बोलण्यात गेलं. चमच्यांचा कारखाना. आत प्रेसचा असा दणदणाट, की शेजारणीची हाक ऐकू येऊ नये. दिवसभर जे जे सुचेल ते जिभेवर धरून ठेवायचं आणि फाटकाबाहेर पडलं की सांडायचं. बस समोर उभी असायची. हा म्हणायचा, फार गर्दी आहे, चालत जाऊ. बसमध्ये चिटपाखरू नसायचं! मीही आपली हो, फार गर्दी आहे. केसांना पॉलिशचा वास, त्याची नखं काळी, आणि दोघं एकदमच बोलायचो. पुलावर एकदा म्हणाला, तुझं सांगून होईपर्यंत तुझं घर येतं, हे काही बरोबर नाही. मी म्हटलं, मग? तर म्हणे, घर एकच करू.

काय दिवस होते! परत द्या म्हटलं तर कोण देणार.

११ मार्च, मंगळवार

उपाय लागू पडला. पूल ओलांडून पलीकडे गेलो, एकदाही थांबला नाही! मला आनंद व्हायला हवा होता. घरी येऊन चपला काढल्या आणि रडूच आलं. इतका लांब रस्ता मी जन्मात चालले नव्हते.

१२ मार्च

आजही गप्प. तोही गप्प.

१४ मार्च, शुक्रवार

लेकीचा फोन. बाबांनी तिला विचारलं म्हणे, आई माझ्यावर रागावलीय का? मी पडलो, तिला माझा कंटाळा आलाय का? करायला गेले एक आणि झालं भलतंच! त्याच्या भल्यासाठी जीभ चावून चालते, आणि हा असा झुरतोय.

१५ मार्च, शनिवार

सगळं सांगून टाकलं. तू बोलताना थांबतोस, पडशील, म्हणून मी गप्प. वाटलं होतं हसेल, नाहीतर चिडेल. त्याने कप विसळायला घेतले आणि पाठमोराच म्हणाला, उद्यापासून बोल. उद्या लेकही येणार आहे फिरायला. मागून चालेन म्हणाली, दोघांवर लक्ष ठेवायला.

१६ मार्च, रविवार

फिरून आल्यावर लेकीने मला खुर्चीत बसवलं आणि हात हातात घेतला. "आई, बाबा नाही थांबत. बोलायला लागलीस की तू थांबतेस. बाबा तुझ्यासाठी थांबतात."

मी त्याच्याकडे बघितलं. वर्षभरापासून माहीत होतं म्हणतो. मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस?

"सांगितलं असतं तर तू बोलणं सोडलं असतंस."

उद्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं, माझ्यासाठी. चालतच जाऊ, जरा लवकर निघू म्हणतोय.