चौघांची गाडी

१५ नोव्हेंबर, शनिवार
गोळी सुरू. रात्री जेवणानंतर एक. उदासीची आहे. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीला गुंगी येईल, पंधरा दिवस गाडी चालवू नका, मग मला भेटा. आणि आपल्या मनाने बंद करायची नाही.

शेवटी एक प्रश्न — जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का? मी नाही म्हणालो. इतक्या पटकन, की माझं मलाच कौतुक वाटलं! खोटं होतं.

बायकोला, धनलक्ष्मीला, पित्ताची गोळी म्हणून सांगितलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार
सोमवारपासून माझा आठवडा. सोलापूरहून मंद्रूपच्या शाळेला आम्ही चौघं मास्तर एका गाडीने जातो — एक आठवडा माझी, एक अंकिता मॅडमची, एक सोमेशची. काशम्माबाईंकडे गाडी नाही. त्या सगळ्यांसाठी भाकरी आणि शेंगाचटणी आणतात.

सोमेशला थाप मारली, गाडी गॅरेजला आहे, आठवडा बदलून घे. म्हणाला, सर, तुमची गाडी तुमच्यापेक्षा जास्त रजेवर असते. हसलो. गाडी दारात झाकून ठेवली आहे, चोरीच्या मालासारखी.

२५ नोव्हेंबर
सोमेशच्या गाडीत काशम्माबाई मागे बसल्या आणि मंद्रूपपर्यंत घोरल्या. माझ्या गाडीत मात्र दिवाळीच्या आधीपासून पुढेच बसतात. मागे मळमळतं म्हणे! आणि तोंड मिटत नाही — सुनेचं, म्हशीचं, ज्वारीच्या पिठाचं. सोमेशच्या गाडीत मळमळत नाही वाटतं.

६ डिसेंबर, शनिवार
बदलून घेतलेला आठवडा परवापासून. डॉक्टरांकडे पुन्हा गेलोच नाही. परत तोच प्रश्न विचारला तर?

तोडगा काढला. आजपासून आठवडाभर गोळी बंद. गोळी नाही तर गुंगी नाही, गुंगी नाही तर गाडी चालेल. गणिताच्या मास्तराला शोभेल असं उत्तर.

९ डिसेंबर
मान वळवली की गरगरतं. कुणाला कळलेलं नाही.

१० डिसेंबर, बुधवार
आज शाळेच्या वाटेवर घडलं ते लिहून ठेवतो.

पुढे उसाची ट्रॉली होती. मला दिसत होती! पण ब्रेकवर पाय जाईना. काशम्माबाईंनी हँडब्रेक ओढला. ट्रॉली हातभर अंतरावर राहिली. मागे अंकिता मॅडम रडायला लागल्या.

बाई आवाज न चढवता म्हणाल्या, "गाडी बाजूला घ्या सर. आता काय हाय ते सांगा, न्हाय तर मी हितंच उतरते."

सांगितलं. गोळीचं, थापेचं, सगळं. नाही — सगळं नाही. सोमेशने माझ्याकडून किल्ली घेतली.

११ डिसेंबर
धनलक्ष्मीला गोळीचं खरं सांगितलं आणि तिला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. रागावले. गोळी अशी अचानक बंद केली की चक्कर येणारच. पुन्हा सुरू केली. ते सांगेपर्यंत गाडी बंद.

प्रश्न यायच्या आत मीच बोललो. ऑक्टोबरमध्ये, माझ्या आठवड्यात, कालव्याजवळच्या वळणावर समोरून ट्रक आला की वाटायचं, स्टिअरिंग जरासं उजवीकडे, बस. रोज वाटायचं. गाडीत तिघं बसलेले असायचे आणि त्यांचा विचारही मनात येत नसे. ही लाज कुठे ठेवू?

धनलक्ष्मीने माझा हात धरला, तो घरी येईपर्यंत सोडला नाही.

२ जानेवारी
शेंगाचटणी आज तिखट लागली. कित्येक महिन्यांत चव लागली नव्हती.

१७ जानेवारी, शनिवार
डॉक्टर म्हणाले, आता चालवा. गोळी मात्र चालूच. गुंगी वाटली त्या दिवशी गाडी नाही, आणि तसं सोबतच्यांना सरळ सांगायचं. उद्या धनलक्ष्मीला शेजारी बसवून एक चक्कर मारीन.

१९ जानेवारी, सोमवार
आजपासून गाडी माझी. वळणावर समोरून ट्रक आला. मी गाडी थोडी डावीकडे घेतली. तो निघून गेला.

काशम्माबाई आज आपणहून मागे बसल्या. मंद्रूप येईपर्यंत घोरत होत्या.