नळ कोण बंद करतं

प्रिय शोभाताई,

पाइप फुटला म्हणजे नक्की काय झालं, असं तू फोनवर खोदून खोदून विचारलंस आणि मी दरवेळी विषय बदलला. सावनी शेजारी बसलेली असायची, लेकीसमोर कसं बोलू गं? म्हणून आज कागद घेतला.

आमच्या कॅरीत, म्हणजे अमेरिकेच्या या दक्षिण भागात, थंडी तशी बेताची, त्यामुळे इथली घरं कडाक्याला सरावलेली नाहीत. एखादी रात्र फार गार पडली की भिंतीतल्या पाइपात पाणी गोठतं आणि पाइप चिरतो. उपाय साधा, नळ किंचित सोडून ठेवायचा. थेंब थेंब वाहत राहिलं की झालं! पण आमच्याकडे काही सुखासुखी होतं का? संजीव पडला मनमाडचा, कधीतरी येणाऱ्या पाण्याची वाट बघत वाढलेला. गळता नळ म्हणजे घरातून लक्ष्मी चालली. मी नळ सोडायचे, हा मागून येऊन आवळायचा, वर बादल्या भरून ठेवायचा. मग त्याचा डोळा लागला की मी परत सोडायचे. दर हिवाळ्यात हेच भांडण.

तो गेल्यावरचा हा पहिला हिवाळा. पारा उतरला तशी मी नळ सोडून झोपले. सकाळी बघते तर नळ घट्ट बंद, आणि ओट्यावर पातेलं काठोकाठ भरलेलं. ताई, खरं सांगू? भीती नाही वाटली. मला इतका आनंद झाला की मी ओट्याशीच रडले. मेल्या, आता तरी ऐक माझं, असं ओरडलेसुद्धा त्याच्यावर. दुसऱ्या दिवशीही तेच. मग मी वाटच बघायला लागले, आणि एका सकाळी भिंतीतून पाणी उसळलं. हॉलमध्ये घोटाभर पाणी, कार्पेटचा पार चिखल.

सावनी जर्सी सिटीहून धावत आली. नळ बंद होता, असं प्लंबरने तिला सांगितलं. मी सोडला होता म्हणून शपथेवर सांगितलं, तरी पोरगीला पटलं नाही. आता म्हणते, घर विकू, तू माझ्याकडे चल. डॉक्टरची अपॉइंटमेंटही घेऊन ठेवलीय. तिला पातेल्याचं सांगितलेलं नाही. त्यावर ताट झाकलेलं होतं गं. संजीव जन्मात कधी झाकायचा नाही. ती सवय आपल्या आईची, आणि माझी.

तेव्हापासून झोप उडालीय. तो घरात असेल तर हे घर मी कशी विकू? आणि तो नसेलच, तर मग मला काय होतंय?

फेब्रुवारीत पुन्हा कडाका पडणार म्हणतात. तुझा व्हिसा आहे, गुडघ्यांचं रडगाणं न लावता ये. नळ मी तुझ्यादेखत सोडेन. तू फक्त जागी राहा आणि बघ. नळ आपोआप बंद झाला, तर मला हलवून उठव. आणि बंद करणारा हात माझाच असला, तर सावनीला सांग. मला सांगू नकोस.

तुझीच घाबरट
सुमी