दादांनी बसवलेला भोंगा

ती. दादांस सादर नमस्कार.

आपला गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला एव्हाना थांबला असेल. इकडे आम्ही उभयता खुशाल आहोत. कान सोडले तर बाकी सगळे अवयव जागच्या जागी आहेत.

आमच्या या चाकांवरच्या घराला, म्हणजे कॅम्पर गाडीला, आपण स्वतःच्या हातांनी जो चोरांचा अलार्म बसवून दिलात (आम्ही मागितला नव्हता, पण आपल्या प्रेमापुढे कुणाचं काय चालतं?) त्याविषयी हे पत्र आहे. चोर अजून एकही आलेला नाही. भोंगा मात्र रोज वाजतो. आधी वाटलं, दाराची कडी नीट बसत नसेल. तिला तेल दिलं. मग बॅटरी बदलली. मग आरशाला टांगलेला टॉवेल हलतो म्हणून तो काढला, छताची खिडकी लावून घेतली आणि आत उकडून निघालो. भोंगा आपला चालूच. शेवटी मेकॅनिक आणला. त्याने छतातला सेन्सर दाखवला आणि विचारलं, गाडीला कुलूप असताना आत कोणी हालचाल करतं का? आता आपल्या बहिणीची सवय आपण जाणताच. बाहेर पडताना कुलूप लावायचं म्हणजे लावायचं, मग आत नवरा असो वा नसो. (घरीसुद्धा मी असा कित्येकदा कोंडला गेलोय.) शेजारच्या गाड्यांतल्या बायकांशी गप्पा मारायला निघाली की ती रिमोट दाबून जाते, आणि मी कूस बदलली की भोंगा! परवा तर गाड्यांच्या तळावरचा पहारेकरी धावत आला आणि काचेतून माझ्याकडे गाडीचे कागद मागू लागला. कागद हिच्या पर्समध्ये. ही येईपर्यंत मी स्वतःच्याच गाडीत हात वर करून उभा, आणि सगळा तळ बघतोय. आल्यावर हिने मला ओळखायला जरा वेळच लावला.

मेकॅनिकने आतला सेन्सर बंद ठेवायचं बटण दाखवलं. ही आता जाताना न चुकता ते दाबते. तरीही भोंगा वाजतोच. मेकॅनिकने हात टेकले. आपल्या बहिणीने निक्षून सांगितलंय, की रविवारी दादाने येऊन हे यंत्र उपटून न्यावं, नाहीतर गाडी विकायची आणि घरी परतायचं. नोकरीत असल्यापासून मी या प्रवासाची स्वप्नं बघत होतो, दादा. तेव्हा अवश्य यावं.

आपला,
वैतागलेला मेहुणा

ता. क. येताना पाने-पक्कड आणू नये. यंत्राकडे थोडा वेळ गंभीर चेहऱ्याने बघावं, एकदोन तारा हलवाव्यात आणि दुरुस्त झालं म्हणून सांगावं. काढू मात्र नये.

आणखी एक. माझ्याकडच्या जादा रिमोटवर एक लाल बटण आहे. ते दाबलं की आपली बहीण गप्पा अर्ध्यावर टाकून पळत येते. निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे इतक्या लगबगीने दुसरं कोणी आलेलं नाही. गाडीत एकट्याला करमत नाही, दादा. हे आपल्यातच राहू द्यावं.

ता. क. (हे मी लिहितेय) दादा, पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं. पक्कड खरंच आणू नकोस, गाडीही विकत नाही. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांना मला कधी हाक मारता आली नाही. आता कुठे जमायला लागलंय.