सातोबाईंच्या देवघरातला भात

प्रिय यश,

तुझा फोन आला तेव्हा मी टीमचे टी-शर्ट ड्रायरमधून काढत होतो. मशीनच्या आवाजात नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितो आहे. इथे स्टेट कॉलेज गावात थंडी पडली. नवी मुलं बरी आहेत, पण जाळीवर तुझ्यासारखा उडणारा कुणी नाही.

जपानचा दौरा अजून आठवतो. तू व्हॉलीबॉल टीमचा कॅप्टन, मी सामान सांभाळणारा. निघण्याआधी तू म्हणालास, बाबा, टीमसमोर मी तुम्हाला काका म्हणेन, नाहीतर ऑकवर्ड होतं. मी हो म्हटलं. इथली सगळी मराठी पोरं मला काकाच म्हणतात. आपलं आडनाव एक असूनही कोचने कधी काही विचारलं नाही.

मला तो देश मानवला. दारात चपला काढायच्या, संडासात वेगळ्या स्लिपर घालायच्या, मोठ्यांनी सुरुवात केल्याशिवाय घास घ्यायचा नाही. आपल्या गावच्या शाळेत याहून वेगळं काय शिकवलं होतं? सूपसुद्धा माशाचं असायचं, म्हणून मी भात-लोणच्यावर राहिलो. मॅच जिंकूनही त्यांची मुलं वाकून हॉल पुसायची. मीही फडकं घेऊन त्यांच्यात गेलो, तर तू लांबून ओरडलास, काका, तिथेही ड्यूटी का? सगळे हसले.

आपल्या दोघांना सातोबाईंच्या घरी उतरवलं होतं. सकाळी त्यांनी देवघरात उदबत्ती लावली, घंटी वाजवली, इवल्या वाटीत वाफाळता भात ठेवला आणि मला खुणेने बोलावलं. परक्या मुलखात नैवेद्य पाहून मला भरून आलं. डोळे मिटून हात जोडले. तू जिन्यात उभा होतास. मग त्यांच्या मुलीने इंग्रजीत सांगितलं, हा देवाचा नाही, गेलेल्या माणसांचा भात. कॅप्टनचे वडील त्याच्या लहानपणीच वारले, असं तो काल सांगत होता, म्हणून आईने त्यांच्या नावाने ठेवला. मी म्हणालो, फार चांगलं केलंत. थोड्या वेळाने बाईंनी तोच भात उचलून तुला वाढला. त्यांच्यात तशी रीत आहे. तू मान खाली घालून सगळा खाल्लास.

त्यावर आपण कधी बोललो नाही. आई गेल्यापासून तसंही आपण फारसं बोलत नाही.

आता हर्नडनला अबोलीशी तुझं लग्न. तिच्या घरीही मी हयात नाही असंच सांगितलं आहेस. म्हणूनच फोनवर म्हणालास, काका म्हणून या, आणि गुरुजींना मुलाकडचं कुणी वडीलधारं हवं आहे, तेव्हा विधीलाही तुम्हीच बसा. तुला ठाऊक नसेल. लग्नाआधी नांदीश्राद्ध असतं. त्यात पितरांना बोलवतात. विधीला बसलेला माणूस नावं घेतो, मुलाचे वारलेले वडील, मग आजोबा, पणजोबा. मी येईन. सोवळं धुऊन ठेवलं आहे. त्र्यंबक हे माझं नाव मी न अडखळता घेईन, गुरुजींना दुसऱ्यांदा विचारावं लागणार नाही. त्या ओळीतून माणसाला परत आणण्याचा मंत्र मला माहीत नाही. त्यामुळे पंगतीला थांबणार नाही, आणि त्यानंतर तू मला फोन करू नकोस.

विधीच्या सकाळपर्यंत तुझाच,
बाबा