ताराच्या नावापुढचा शेरा

गुरुवार, २३ नोव्हेंबर १९७२

आज हेडमास्तरांनी माझ्या वर्गातल्या ताराच्या नावापुढे 'मंदबुद्धी' असा शेरा लिहायला लावला. म्हणाले, "गुरुजी, बुद्धी रक्तातच असावी लागते." तारा सकाळभर आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडते, मग उपाशीपोटी शाळेत येऊन डुलक्या घेते. मला हे ठाऊक होतं. का नाही बोललो?

मधल्या सुट्टीत तेच हेडमास्तर स्वतःच्या जळालेल्या हायब्रीड बाजरीचं रडगाणं गात बसले. "बी एक नंबर हुतं हो, पाणीच न्हाई मिळालं!" त्यावरही मी नंदीबैलासारखी मान डोलावली.

बाजरीची बाजू घ्यायला निदान ते तरी होते. ताराची घ्यायला मी होतो. आणि त्या शेऱ्याखाली सही माझीच आहे.