दोऱ्यात ओवलेली वीस कार्डे

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
विभागीय गणकयंत्र केंद्र,
सोलापूर.

विषय : दोऱ्यात ओवल्यामुळे नापास झालेली माझी वीस कार्डे एकदा कॉम्प्युटरमध्ये घालून पाहण्याबाबत.

संदर्भ : पंच ऑपरेटर भरतीसंबंधी आपले पत्र क्र. ४१, दि. २८ जून १९७६.

महोदय,

मी, महानंदा गुरुबसप्पा कलशेट्टी, वय २४, राहणार कुंभारी, आदरपूर्वक अर्ज करते की,

१. माझे वडील अक्कलकोट रोडवरील चादरीच्या कारखान्यात जकार्ड मागाच्या पुठ्ठ्यांना भोके पाडतात. चादरीवर दिसणारा मोर आधी पुठ्ठ्यावर भोकांनी लिहावा लागतो. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला नाही. हेच काम मीही नऊ वर्षे करीत आहे. आपल्या पत्रात मात्र "भोके पाडण्याचा अनुभव : नाही" असा शेरा आहे. तो ऐकून वडील दोन दिवस हसत होते, मग रागावले.

२. दि. १५ जूनच्या परीक्षेत मी वीस कार्डे पंच केली आणि सवयीने कमरेचा दोरा काढून ती क्रमाने ओवली. आमच्यात सुटा पुठ्ठा कोणी ठेवत नाही. एक जरी मागेपुढे झाला तरी मोराची मान शेपटीला लागते. माझा परीक्षाक्रमांक प्रत्येक कार्डावर एकाच जागी पंच झाला होता, त्याच भोकातून दोरा नेला. नवीन भोक पाडलेले नाही. सबब "शासकीय कार्डांची नासधूस" हा शेरा मला मान्य नाही.

३. त्यानंतर शिपाई श्री. सिद्धाप्पा आम्हा आठ उमेदवारांचे ट्रे नेताना उंबऱ्याला अडखळले. सात जणांची एकशे चाळीस कार्डे व्हरांडाभर पसरली. कार्डावर आकडे छापणारी फीत संपलेली होती, त्यामुळे कोणते कोणाचे हे कळेना. माझी तेवढी जशीच्या तशी राहिली. "अक्का, माजी नोकरी ग्येली की!" असे म्हणून सिद्धाप्पा मटकन खाली बसले. मला त्यांची दया आली. मी एकेक कार्ड खिडकीच्या उजेडासमोर धरून भोके वाचली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत सर्वांची कार्डे क्रमाने लावून दिली.

ते सातही उमेदवार पास झाले. त्यांचे मनापासून अभिनंदन. माझी कार्डे दोऱ्यासकट यंत्रात शिरेनात आणि दोरा काढायची परवानगी मिळेना, म्हणून मी एकटी नापास.

४. त्या वेळी आपल्या पर्यवेक्षकांनी "ही अमेरिकेची विद्या आहे, चादरीचा कारखाना नव्हे" असे सुनावले. म्हणून मी वाचनालयात जाऊन पाहिले. भोकांचे पुठ्ठे पावणेदोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये मागावर चढले. ते पाहून विलायतेतील एका गणितज्ञाने हिशेबाच्या यंत्राला तसेच पुठ्ठे जोडण्याचा बेत केला. अमेरिकेत शिरगणतीसाठी कार्डे आली ती त्याच्याही नंतर. म्हणजे आपला कॉम्प्युटर हा मागाचा नातू लागतो. नातवाने आजोळच्या माणसाला दारातूनच परत पाठवावे, याचे मला खरोखर वाईट वाटले.

५. येत्या ३१ तारखेला मला पंचवीस वर्षे पूर्ण होतात आणि वयाची अट संपते. ही नोकरी मला मनापासून हवी आहे. नऊ वर्षे मी तोच मोर पाडला. भोकांनी आणखी काय काय लिहिता येते ते मला पाहायचे आहे. तरी माझी वीस कार्डे एकदा यंत्रात घालावीत. एक जरी चूक निघाली तरी पुन्हा अर्ज करणार नाही, आणि नोकरी मिळाल्यास कचेरीत दोरा आणणार नाही.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
महानंदा गुरुबसप्पा कलशेट्टी

कुंभारी, दि. १२ जुलै १९७६

सोबत :
(१) आपण परत पाठवलेली वीस कार्डे, दोरा काढून, क्रमाने. (काढताना हात धजत नव्हता.)
(२) दोरा, वेगळ्या पाकिटात. कार्डे यंत्रापर्यंत श्री. सिद्धाप्पा नेणार असल्यास कृपया आधी हा वापरावा.