साडूसाठी काढलेला रस्ता

४ जानेवारी
आजपासून रोजनिशी. कारण एकच. बदला.

काल आमच्या सहलीच्या ग्रुपच्या सात गाड्या. माझी पुढे, सहा मागे. जायचं होतं टेकडीमागच्या धरणावर, पोचलो पोल्ट्री फार्मच्या अंगणात. चूक माझी नव्हती. रेंज गेली, फोनवरचा नकाशा पांढरा पडला आणि त्यावर माझा निळा ठिपका तेवढा लुकलुकत राहिला. पांढऱ्या कागदावर कुठेही गेलं तरी बरोबरच वाटतं. सात गाड्या रिव्हर्समध्ये बाहेर काढण्यात दुपार गेली. साडूने पोल्ट्रीवाल्याकडून अंडी घेऊन सगळ्यांना वाटली. मला दोन जास्त. म्हणाला, मानकरी आहात. सगळे हसले. ही पण हसली. हे विसरणार नाही.

५ जानेवारी
ग्रुपच्या अध्यक्ष वकीलबाई. त्यांचा मेसेज: तूर्तास पुढची गाडी साडूची, माझी सातवी. सातव्या गाडीला रस्ता दिसत नाही, धूळ दिसते. माझं चष्म्याचं दुकान. अख्ख्या गावाला मी लांबचं दाखवतो, आणि मी धूळ बघायची? साडू दातांचा डॉक्टर. त्याचे दात त्याच्याच घशात घातले नाहीत तर नाव लावणार नाही.

७ जानेवारी
वकीलबाईंना फोन केला. एक संधी मागितली. ठरलं ते असं: फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी नदीकाठी मुक्काम. त्या दिवशी साडू आणि मी, दोघांत जो बिनचूक पोचेल, त्याची गाडी वर्षभर पुढे. मी चुकलो तर कायमचा सातवा, आणि त्यावर अवाक्षर काढायचं नाही. लगेच हो म्हटलं. नेव्हिगेशन म्हणजे काय ते आता दाखवतो एकेकाला.

१२ जानेवारी
सॉफ्टवेअर निवडणं सुरू. पद्धतशीर. पहिलं फुकटवालं. दुकान ते घर चालवून पाहिलं. प्रत्येक चौकात केस गळण्यावरच्या तेलाची जाहिरात, आणि ती मिटवेपर्यंत चौक मागे. रद्द.

साडूचा फोन. अंडी संपली का विचारत होता. ठेवून दिला.

१८ जानेवारी
दुसरं सॉफ्टवेअर. काय नकाशा! चढउतारांच्या रेषा, ओढे, झाडी, सगळं. तासभर नुसता बघत बसलो. गाडी गावाबाहेर काढली आणि नकाशा गायब. इंटरनेट लागतं म्हणे. जिथे इंटरनेट आहे तिथे नकाशा कशाला हवा, पानपट्टीवाला सांगतोच की. रद्द.

ही म्हणाली, भाऊजींनाच विचारा ना कोणतं वापरतात. दोन तास बोललो नाही तिच्याशी.

२५ जानेवारी
तिसरं. बाई बोलते त्यात. आवाज गोड, पण हट्टी. कच्चा रस्ता तिला मान्यच नाही. मी बैलगाडीच्या वाटेवर, ती म्हणते, कृपया रस्त्यावर परत या. शेवटी मीही आवाज चढवला. ही मागच्या सीटवरून म्हणाली, निदान तिला तरी उत्तर देताय. रद्द.

१ फेब्रुवारी
मिळालं! चौथं. पैसे घेतात, पण नकाशा आधीच उतरवून ठेवता येतो. रेंज असो नसो, आपला बाण चालतोच. सॅटेलाइटचे फोटो. गेलेल्या वाटेची रेघ आपोआप साठते. आणि सगळ्यात भारी म्हणजे आपला ठिपका ग्रुपमधल्या सगळ्यांना आपापल्या फोनवर दिसतो. रेंज असेल तिथपर्यंत, पण नदीकाठी रेंज आहे, मी चौकशी केली. मी कसा सरळ पोचतो ते सगळ्यांनी बघितलंच पाहिजे. संध्याकाळी सहा जणांच्या घरी स्वतः जाऊन त्यांच्या फोनवर बसवून दिलं. साडूच्याही. मेहुणीने चहा दिला. प्यायलो. शत्रूचा चहा प्यायला हरकत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार
हिला घेऊन रेकी केली. उत्तम वाट सापडली. कालव्याच्या पुलानंतर उजवीकडे वळलं की सरळ नदी. डावीकडे आटलेला तलाव. वरून वाळलेला, आत लोण्यासारखा गाळ. काठी खुपसून बघितली, पार आत गेली. काठी बघता बघता कल्पना सुचली. इतका आनंद दुकानाच्या उद्घाटनालाही झाला नव्हता.

१६ फेब्रुवारी
कल्पना अशी. साठवलेल्या रस्त्याची कॉपी केली. सोफ्यावर बसून पुलापुढची रेघ बोटाने उचलली आणि अलगद डावीकडे, तलावात नेली. नंतर परत नदीवर. दिसायला झकास, कोणाला शंका येणार नाही. नावही तेच ठेवलं. साडूला पाठवलं: साडूभाऊ, मागचं सोडा, मी रस्ता बघून ठेवलाय, तुम्ही सगळ्यांना घेऊन या, मी पुढे जाऊन चहाची सोय करतो. साडू गाळात रुतणार, मी नदीवर वाट बघणार. मग टॅब्लेटवर माझा खरा रस्ता दाखवून विचारणार, मी तर याच वाटेने आलो, तुम्ही कुठे वळलात? सगळं चोख.

ही म्हणाली, काय करताय मघापासून? म्हटलं, भाऊजींसाठी मेहनत करतोय. गालात हसली. म्हणाली, बरं वाटलं बघून.

साडूचं उत्तर आलं. दोन्ही हात जोडलेलं चित्र. पेशंटमधून वेळच मिळत नव्हता, देवासारखे आलात. मूर्ख.

२१ फेब्रुवारी
गाडीसाठी नवा टॅब्लेट. फोनवर लहान दिसतं, आणि विजयाला स्क्रीन मोठा हवा. टॅब्लेटवर खातं उघडल्यावर विचारलं, या नावाचे दोन रस्ते आहेत, कोणता ठेवू, जुना की नवा? नवा दाबला. जुनं ते सोनं म्हणणारेच पोल्ट्रीत जातात. उद्या.

२२ फेब्रुवारी, पहाट
निघतोय. ही, मी, थर्मास. बाकीचे अर्ध्या तासाने. वकीलबाईंचा मेसेज: तुमचा ठिपका दिसतोय, शाब्बास. दिसू दे.

त्याच दिवशी, सकाळी, तलावात
थोडी अडचण. पुलानंतर बाण डावीकडे वळला. ही म्हणाली, मागच्या रविवारी उजवीकडे गेलो होतो ना? मलाही पुसटसं तसं वाटलं. पण म्हटलं, सॅटेलाइटला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. वळलो. सुरुवातीला छान सपाट होतं. मग चाकं बसली. एक्सिलरेटर दिला, आणखी बसली. आता दार उघडत नाही. टॅब्लेट म्हणतो, तुम्ही योग्य मार्गावर आहात.

ही टॅब्लेट मांडीवर घेऊन बराच वेळ बघत होती. मग विचारलं, हाच रस्ता भाऊजींना पाठवलात ना? मी काच पुसत बसलो.

त्याच दिवशी, संध्याकाळ, नदीकाठ
लिहायचं नव्हतं, पण लिहितो. सहाही गाड्या पुलावर थांबल्या होत्या. माझा ठिपका हलेना, म्हणून साडूने सगळ्यांना तिथेच अडवलं. मग एकटा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून गाडी ओढायचा पट्टा घेऊन चिखलातून आला. आधी मला नाही, हिला खिडकीतून उचलून बाहेर काढलं. मग माझी गाडी ओढायला दोन तास. त्याचे बूट गाळातच राहिले.

काठावर आलो तर साडूच्या गाडीतून सासूबाई उतरल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदाच घराबाहेर. आयत्या वेळी हट्ट धरून बसल्या होत्या म्हणे. काठी टेकत आल्या, माझ्या तोंडावरचा चिखल पदराने पुसला आणि म्हणाल्या, माझा जावई. हिने माझ्याकडे बघितलं. लग्नाला एकवीस वर्षं झाली, असं कधी बघितलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरंच झालं.

जेवणानंतर साडू उभा राहिला. म्हणाला, मी यांना अंड्यांवरून किती चिडवलं, आणि हा माणूस आपल्या आधी स्वतःची गाडी घालून रस्ता तपासायला गेला. हे अडकले नसते, तर आपण सगळे आत असतो. आमच्या आईही. पुढे म्हणाला, आजपासून पुढची गाडी यांची, वर्षभर नाही, कायमची. टाळ्या. वकीलबाईंनीही मान डोलावली.

मी हो म्हणायला तोंड उघडलं. मागून हिचा आवाज आला, अगदी हळू. नाही म्हणा. नाहीतर मी सांगते सगळ्यांना.

नाही म्हटलं. मला मान नको, सातवी गाडीच बरी, असं काहीतरी पुटपुटलो. टाळ्या आणखी वाढल्या. कोणीतरी म्हणालं, काय मोठं मन आहे. साडूने मिठी मारली. कुठल्या तोंडाने मारून घेतली, मलाच माहीत.

८ मार्च
ग्रुपची सहल. माझी गाडी सातवी. ही मागच्या सीटवर, फक्त कामापुरतं बोलते. दिवसभर सहा गाड्यांची धूळ. दुपारी सगळे थांबले तेव्हा साडू पार पुढून चालत मागे आला. हातात पाण्याची बाटली आणि ओलं फडकं. मी नको नको म्हणत असताना माझी पुढची काच स्वच्छ पुसली, आरसे पुसले, बाटली हातात दिली आणि परत चालत गेला. दर थांब्याला येतो असा.

या माणसाचा सूड आता कसा घ्यायचा?